मरेपर्यंत जन्मठेप देता येते, मग फाशी कशासाठी?

भीमाकाठ

येत्या सोमवारी १२ जानेवारी. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या आपल्या चौघांना येरवड्यात फाशी दिली. एकीकडे गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची तयारी, दुसरीकडे चार पुतळ्याला हार, असा सोलापूरचा हा आठवडा असतो. आणि कुठे लहान मुलीवर अत्याचार झाला, खून झाला, की "आरोपीला फाशी द्या"चे फलकही याच शहरात निघतात. हार घालणारे आणि फलक धरणारे बऱ्याचदा तेच लोक असतात. त्यात मला ढोंग दिसत नाही. माणसाला दोन्ही गोष्टी मनापासून वाटतात.

प्रश्न वेगळाच आहे. खुन्याला समाजापासून कायमचं दूर ठेवायला पूर्वी फाशीखेरीज भरवशाचा मार्ग नव्हता, कारण जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षांनी सुटकेसाठी अर्ज करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तिसरा मार्ग काढला: वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा अखेरच्या श्वासापर्यंत कैद, आणि त्यात सूट नाही. २०१५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायम केला. म्हणजे "सुटला तर पुन्हा करील" ही भीती आता कोठडीच्या भिंतीनेच भागते. मग जीव घेण्यासाठी नैतिक कारण कोणतं उरलं? त्यावर बोला. गुन्हा किती भयंकर होता याचं वर्णन नको, ते सगळ्यांना मान्यच आहे.

सदर_बाजार

कारण उरलं, आणि ते सगळ्यात जुनं आहे. शिक्षा ही नुसती सुरक्षेची सोय नसते. केलेल्या कृत्याला समाजाने दिलेलं ते उत्तर असतं. चार वर्षांच्या पोरीला मारणाऱ्याला आयुष्यभर जेवण, दवाखाना आणि महिन्याची मुलाखत देणं हे उत्तर पुरेसं आहे, असं मला वाटत नाही. सूड आणि दंड या दोन गोष्टी आहेत. सूड घरचे घेतात आणि त्याला माप नसतं. दंड शासन देतं, पुरावा तपासून, मापात. फाशी हे त्या मापाचं शेवटचं टोक आहे, आणि टोकाच्या गुन्ह्यासाठी ते राहायला हवं.

आणि चार हुतात्म्यांना यात आणू नका. त्यांच्यावर परकीय सत्तेने, लष्करी कायद्याने भाजून निघालेल्या शहरात, पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून खटला चालवला. त्यांची आणि बलात्काऱ्याची शिक्षा एका वाक्यात येऊ नये.

तुळजापूर_वेस

सदर बाजारांना अनुमोदन. शेवटच्या परिच्छेदाला तर शंभरदा.

भीमाकाठ

एका वाक्यात आणली नाही, अण्णा. मुद्दा दोराचा आहे. दोर ओढणारं शासन आपल्याला चूक वाटू शकतं, हे या गावाला इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेवढंच म्हणायचं होतं.

उत्तर_कसबा

फाशी होते कशी, हे आधी नीट मांडतो. त्याशिवाय "मापात" हा शब्द तपासता येणार नाही.

खुनाला आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, पूर्वीचं ३०२. त्यात शिक्षा दोनच: मृत्युदंड किंवा जन्मठेप, सोबत दंड. नियम जन्मठेपेचा आणि फाशी अपवादाची. अपवाद करायचा तर सत्र न्यायाधीशाला "विशेष कारणं" लिहावी लागतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४(३) मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९३(३) मध्ये आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळं ऐकणं सक्तीचं, पूर्वीचं २३५(२), आताचं २५८(२).

१९८० च्या बचनसिंग निकालात "दुर्मिळातले दुर्मिळ" हे सूत्र आलं. लोकांना तेवढंच आठवतं. पण त्याच निकालात एक वाक्य आहे आणि सगळं त्यावर उभं आहे: आरोपी पुन्हा हिंसा करील आणि तो सुधारण्यापलीकडे गेला आहे, हे सरकारने पुराव्याने सिद्ध करायचं. आरोपीने काही सिद्ध करायचं नाही.

प्रत्यक्षात काय होतं? दोषी ठरवल्याचा निकाल सकाळी वाचला जातो आणि शिक्षेवरचं ऐकणं अनेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकतं. निकालपत्रात त्याच्या तीन-चार ओळी असतात. आरोपीस शिक्षेबाबत विचारले, घरी म्हातारी आई व लहान मुले आहेत, दया करावी असे तो म्हणाला. सरकारी वकिलांनी गुन्ह्याची क्रूरता सांगितली. बस. तो सुधारू शकत नाही याचा पुरावा कुठे दिला? एक कागदही नसतो.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सूचना दिल्या. सरकारने आरोपीची मानसिक तपासणी, शिक्षण, घरची परिस्थिती ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच द्यायची, आणि तुरुंगातल्या वागणुकीचा व परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. पुरेसं ऐकणं म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाच न्यायाधीशांकडे पाठवला गेला.

पुढचा रस्ता असा. सत्र न्यायालयाची फाशी आपोआप अमलात येत नाही. उच्च न्यायालयाने कायम करावी लागते (जुनं ३६६, नवं ४०७) आणि किमान दोन न्यायाधीशांच्या सह्या लागतात. आरोपीने अपील केलं नाही तरी हे होतंच. सोलापूरचं प्रकरण असेल तर ऑगस्ट २०२५ पासून ते मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं. नंतर सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन (२०१४ पासून खुल्या न्यायालयात, तीन न्यायाधीशांसमोर), मग राज्यपाल आणि राष्ट्रपती.

पाकणी_फाटा

एवढ्या चाळण्या असतील तर चूक राहीलच कशी? मला तर हे आरोपीच्या बाजूने जरा जास्तच झुकलेलं वाटतं.

रंगभवन

राहते. दोन निकाल महाराष्ट्रातलेच सांगतो.

पहिला. पुण्यात १९९४ मध्ये एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुलांचे खून झाले. फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने कायम केली, २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही. पुनर्विलोकनही फेटाळलं. मार्च २०२३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या एकाला सोडलं, कारण राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय बारा वर्षं सहा महिने होतं हे सिद्ध झालं. बारा वर्षांच्या मुलाला कायद्याने फाशी देताच येत नाही. तोवर तो अठ्ठावीस वर्षं आत होता.

दुसरा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना खून आणि बलात्कारासाठी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी ठरवली. त्यात तिघांची शिक्षा उच्च न्यायालयाने उतरवली होती, ती पुन्हा चढवली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली होती.

पाकणी फाटा, यात कुठलीही चाळणी वगळली नव्हती. चाळणीतून जे गेलं तेच चुकीचं निघालं. वयाचा दाखला पहिल्या दिवसापासून शाळेत होता, तो आणायला कोणी गेलं नाही. दोर ओढला असता तर तो दाखला सापडून उपयोग काय होता?

तुळजापूर_वेस

बारा वर्षं सहा महिने हे वाचून मी थांबलो. हे माहीत नव्हतं.

सदर_बाजार

रंगभवन, ही उदाहरणं जिव्हारी लागणारी आहेत, नाकारत नाही. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? शस्त्रक्रियेत चूक झाली म्हणून शस्त्रक्रिया बंद करत नाहीत, चूक कशी टळेल ते बघतात. फाशीसाठी पुराव्याची पातळी आणखी वर न्या. नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर नको, एकट्या साक्षीदारावर नको. जिथे तसूभर शंका नाही तिथेच द्या. २६/११ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बंदूक घेतलेल्या माणसाचे फोटो होते. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबचं जे झालं त्यात ओळखीची शंका कोणाला होती? विधी आयोगाच्या २०१५ च्या २६२ व्या अहवालाने फाशी रद्द करा म्हटलं, पण दहशतवाद आणि देशाविरुद्धच्या युद्धाचे गुन्हे वगळून. ती रेघ मला पटते.

सेटलमेंट

रंगभवन यांच्या दुसऱ्या निकालात "भटक्या जमातीतल्या" हे दोन शब्द आहेत, त्यावर थांबा. आपल्या गावात सेटलमेंट नावाची वस्ती का आहे, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना काटेरी कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, संशय गेला नाही. दरोडा पडला की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, हे कुणालाही विचारा.

आता चूक कशी घडते ते बघा. सोलापुरात जबानी देणारा मनात तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा पारधी बोलतो. लिहिणारा हवालदार मराठीत लिहितो, आणि तेही सरकारी मराठीत: "सदर इसमास मी ओळखतो". बोलणाऱ्याने म्हटलेलं असतं, "तसाच होता एक जण, अंगाने". "तसाच" आणि "तोच" यांत एका माणसाच्या जिवाचं अंतर आहे. पोलिसांसमोरच्या जबानीवर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, असा कायदाच आहे. त्यामुळे ती त्याला वाचून दाखवली का, हेही पुढे कळत नाही.

मग आरोपीचा जबाब येतो, जुन्या ३१३ चा, आताच्या ३५१ चा. न्यायाधीश पुराव्यातली एकेक गोष्ट सांगून विचारतात, यावर काय म्हणणं आहे? पानांमागून पानं प्रश्न असतात आणि समोर दोनच उत्तरं: "खोटे आहे", "माहीत नाही". हा टप्पा आरोपीला स्वतःची बाजू मांडता यावी म्हणून ठेवलेला आहे. ज्याला प्रश्नाची भाषाच पुरती कळत नाही, तो तिथे गप्प बसतो आणि ते गप्प बसणं त्याच्याविरुद्ध जातं.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. सदर बाजार, तुम्ही म्हणता पुराव्याची पातळी वर न्या. पातळी वर नेली तरी ती तपासायला चांगला वकील लागतो, आणि तो खटल्याच्या पहिल्या महिन्यात लागतो. दिल्लीत नव्हे.

लिमयेवाडी

सेटलमेंट यांना पुरवणी, भौतिक पुराव्याबद्दल. डीएनए म्हटलं की "शंकाच नाही" असं वाटतं. चाचणी खरीच चांगली आहे. घोळ तिच्याआधी होतो.

रक्ताचे ओले कपडे जप्त केले तर ते सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घालायचे असतात. घाईत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की आत दमट होतं, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए तुटतो. एप्रिल-मेच्या सोलापूरच्या उन्हात मुद्देमाल खोलीत पिशवी पडून राहिली तर बोलायलाच नको. प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळं हवं. आरोपीचा शर्ट आणि मयताची साडी एकाच गाठोड्यात बांधली तर एकाचं रक्त दुसऱ्यावर लागतं, आणि नेमका तोच अहवालातला पुरावा बनतो.

पाकिटावर लाखेची मोहोर, पंचांच्या सह्यांचं लेबल, मोहोरेचा नमुना वेगळा. ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत कधी आलं, प्रयोगशाळेकडे कोणत्या शिपायाने कधी नेलं, तिथे मोहोर शाबूत मिळाली का, ही साखळी कागदावर सलग दिसली पाहिजे. मध्ये आठ दिवसांची पोकळी असेल आणि त्या आठ दिवसांत आरोपीच्या रक्ताचा नमुनाही त्याच खोलीत असेल, तर अहवालात काही का येईना, तो फाशीला पुरणार नाही.

आणि पंच. एकाच ठाण्याच्या अनेक पंचनाम्यांवर तेच दोघे दिसतात. घटनास्थळी होते की सह्या करायला चहाच्या टपरीवरून आले, हे उलटतपासणीत कळतं, तीही कोणी नीट घेतली तर.

पाकणी_फाटा

मी चाळण्यांबद्दल बोललो ते मागे घेतो. वरची चाळणी बारीक असून काय, खालून दळूनच तसं आलं असेल तर.

जोडबसवण्णा

दहशत बसते की नाही, यावर कोणीच बोललं नाही. मोर्च्यात तर तोच मुद्दा असतो.

रंगभवन

बसते असं दाखवता आलेलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये तिथले तीन दशकांचे अभ्यास तपासले आणि सांगितलं की फाशीने खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून म्हणता येत नाही. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी बंद केली आणि पुढच्या दशकांत तिथलं खुनाचं प्रमाण उतरलं. आपल्याकडे ऑगस्ट २००४ ते नोव्हेंबर २०१२ एकही फाशी झाली नाही. त्या आठ वर्षांत खुनांनी उसळी घेतली नाही.

वचक बसतो तो पकडलं जाण्याच्या खात्रीचा. शिक्षेच्या आकड्याचा नव्हे.

लष्कर_भाग

दहशतीवरून एक गोष्ट काळजीने सांगावीशी वाटते. २०१९ मध्ये पोक्सो कायद्यात गंभीर लैंगिक अत्याचारासाठी फाशी आली. आता न्याय संहितेत बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारालाही आहे. म्हणजे खून न करताही. गुन्हेगाराच्या जागी उभं राहून बघा. मुलगी जिवंत राहिली तर ती साक्षीदार आहे आणि तिच्या साक्षीवर फाशी होऊ शकते. मारली तरी फाशीच. तिला जिवंत सोडण्यासाठी कायद्याने त्याला काय कारण ठेवलं? शिक्षांमध्ये पायऱ्या असतात त्या यासाठी.

दुसरं म्हणजे या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो. मामा, काका, शेजारचा, कधी बापच. आईने तक्रार दिली की घरातला माणूस फासावर जाईल, हे ऐकून तक्रार दाबायचा दबाव वाढतो, आजी-आजोबांपासून सगळे पाया पडतात. मुलीला न्याय मिळावा म्हणून वाढवलेली शिक्षा मुलीचंच तोंड बंद करते. फाशीच्या बाजूने असणाऱ्यांनीही निदान खून नसलेल्या गुन्ह्यांतून ती काढायची मागणी करावी.

सदर_बाजार

लष्कर भाग, तुमच्या दोन्ही मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाही. खून नसेल तिथे फाशी नको, हे मान्य करतो.

बाळीवेस

थोडं अवांतर. फाशीचा दोर बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगात तयार होतो म्हणतात, ते खरं का? आणि सोलापूरच्या जेलमध्ये सोय आहे का?

उत्तर_कसबा

बक्सरचं खरं आहे. सोलापुरात नाही. महाराष्ट्रात येरवडा आणि नागपूर, दोनच ठिकाणी.

पद्धतीबद्दल एवढंच. फाशी "मरेपर्यंत गळफास" अशीच द्यायची हे संहितेत लिहिलं आहे आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत वैध धरली, मृत्यू तत्काळ येतो या गृहीतावर. ते गृहीत तपासायला शवविच्छेदन लागतं आणि ते सक्तीचं नव्हतं. ते झालं २०१४ च्या निकालाने. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण दोर वापरला आणि तो दावा केल्याप्रमाणे काम करतो का, हे नियमाने बघितलं नाही. इथून पुढे मात्र या विषयात नको जाऊया, धागा भरकटेल.

डफरीन_चौक

पीडितांच्या घरच्यांचं काय, हे सगळे विसरले. माझा फाशीला विरोध नाही आणि पाठिंबाही नाही, पण वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या आईबापांचा विचार करा.

पुण्याचं २००७ चं प्रकरण घ्या, कंपनीच्या गाडीतून कामावर निघालेल्या तरुणीवर अत्याचार करून खून केला ते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत फाशी टिकली. मग दयेच्या अर्जावर आणि पुढे वॉरंट काढण्यात मिळून चार वर्षांहून जास्त वेळ गेला, आणि त्या उशिरामुळे जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती पस्तीस वर्षांच्या कैदेवर आणली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला आणि जानेवारी २०२२ मध्ये उशिरापायीच ती जन्मठेप झाली. एकवीस वर्षं त्या लेकरांच्या घरच्यांना सांगत राहिलो की होईल, होईल. २००१ मध्येच मरेपर्यंत कैद दिली असती तर फाईल बंद झाली असती आणि ती माणसं आपल्या दुःखाकडे वळली असती.

उत्तर_कसबा

उशिराच्या बाबतीत कायदा बदललाय. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ प्रमाणे तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून तीस दिवसांत दयेचा अर्ज करायचा. आधी राज्यपालांकडे केला आणि फेटाळला गेला तर राष्ट्रपतींकडे साठ दिवसांत. पण राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यायचा, याची मुदत नाही. म्हणजे घाई कैद्याला, वेळ सरकारला. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळणं आणि प्रत्यक्ष फाशी यांच्यात २०१४ च्या निकालाने चौदा दिवस ठेवले होते, वॉरंट मिळणं आणि फाशी यांच्यात २०२४ च्या निकालाने पंधरा.

डफरीन चौक, घरच्यांसाठी आज दोन गोष्टी उपलब्ध आहेत आणि त्या बहुतेकांना कोणी सांगत नाही. एक, भरपाई. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आरोपी सापडला नसला तरीही. अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. दोन, आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात दोषी धरला, तर पीडिताकडचे स्वतः अपील करू शकतात, सरकारची वाट बघावी लागत नाही. शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र ते अपील करू शकत नाहीत, तो हक्क सरकारचा. "फाशी द्या" म्हणणाऱ्या मोर्च्यातल्या दहा माणसांनी जरी त्या घरच्यांना प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत नेलं, तरी त्यांच्या हातात काहीतरी पडेल.

लिमयेवाडी

यात भर. सन २००० ते २०१५ मध्ये खालच्या न्यायालयांनी दिलेल्या ज्या फाशींचा वर निकाल लागला, त्यातल्या ४.९ टक्केच शेवटपर्यंत टिकल्या. जवळपास तीस टक्के प्रकरणांत माणसं निर्दोष सुटली, बाकीच्यांत शिक्षा उतरली. घरच्यांना दिलेला शब्द शंभरातल्या पंच्याण्णव वेळा मोडला जातो.

सेटलमेंट

आणि त्या निर्दोष तीस टक्क्यांत खरा खुनी बाहेर मोकळा फिरत असतो, तेही मोजा.

विजापूर_वेस

३ जून १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील द्यायचं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करणं चांगलं, आणि अहिंसा मानणाऱ्या देशाला ते शोभेल. आज अनुच्छेद १३४ मध्ये हक्काचं अपील आहे ते उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून फाशी दिली तर. सत्र न्यायालयाची फाशी नुसती कायम केली असेल तर उच्च न्यायालयाचा दाखला किंवा सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागते. घटना लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न उघडा दिसत होता.

भीमाकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. सदर बाजार, तुमचं उत्तर होतं की दंड मापात द्यायचा आणि टोकाच्या गुन्ह्याला टोकाचं माप. इतकं वाचल्यावर मला वाटतं की माप गुन्ह्याला लागतच नाही. ते वकिलाला लागतं, हवालदाराच्या भाषेला लागतं, पिशवी प्लास्टिकची की कागदाची याला लागतं. आणि १९८३ च्या मच्छीसिंग निकालापासून समाजाच्या सामूहिक विवेकाला किती धक्का बसला, यालाही लागतं. समाजाला धक्का बसलाय हे कोर्टाला कुठून कळतं? मोर्च्यातून, बातम्यांतून. म्हणजे फलक धरणारे आपणही त्या मापात वजन टाकतो.

सदर_बाजार

भीमाकाठ, मी सुरुवातीला होतो तिथे आता नाही, आणि पूर्ण तुमच्या बाजूलाही नाही. दहशतवादी हल्ल्याबद्दलचं मत तेच आहे. पण साध्या खुनाच्या खटल्यात एक गोष्ट मला आजच कळली. सूट नसलेली तीस वर्षांची कैद द्यायचा अधिकार सत्र न्यायाधीशाला आहे की नाही?

उत्तर_कसबा

खुनासाठी नाही. २०१५ च्या घटनापीठाने तो उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापुरताच ठेवला. सत्र न्यायाधीशापुढे एका बाजूला चौदा वर्षांनी सुटू शकणारी जन्मठेप आणि दुसऱ्या बाजूला फाशी, मध्ये काही नाही. भयंकर खून समोर असताना पहिली शिक्षा थिटी वाटते, म्हणून हात दुसरीकडे जातो. सामूहिक बलात्कारात "उरलेलं संपूर्ण नैसर्गिक आयुष्य" अशी कैद कलमातच लिहिली आहे, तशी १०३ मध्ये नाही.

सदर_बाजार

मग १०३ मध्ये ती ओळ घालायला हवी. ही मागणी लेखी द्यायला मी तयार आहे. मसुदा तुम्ही करा, साध्या मराठीत, खासदारांना देता येईल असा.

उत्तर_कसबा

करतो. रविवारी रात्रीपर्यंत इथेच टाकतो. सेटलमेंट, दुभाषाबद्दलचा परिच्छेद तुम्ही लिहा.

सेटलमेंट

लिहितो. जबानी बोलणाऱ्याच्या भाषेत ध्वनिमुद्रित व्हावी आणि मराठी नक्कल तिच्या शेजारी लागावी, एवढंच मागू. "तसाच" म्हटलं की "तोच", हे मग कोर्टात ऐकता येईल.